पक्षात 'नाही' म्हणणारं कुणी आहे का?

जानेवारीतली गोष्ट. पूर्वेला राहणारी माझी मावशी आमच्याकडे बुवापाड्याला आली होती. चहा होईपर्यंत टीव्हीवर अंबरनाथचीच बातमी चालू होती. ती बघून मावशी म्हणाली, "अगं, तू त्या लोकशाहीवर पीएच.डी. करतेस ना? मग मला एवढं सांग. मी मत दिलं पंजाला. आता म्हणतात, पंजाचे सगळे कमळात गेले. मग माझं मत आता नक्की कुणाकडे आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की एका वाक्यात हे सांगता येणार नाही. म्हणून ही पोस्ट.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी एम.एस्सी. केलं ते सांख्यिकीत. पीएच.डी.चा विषय मोजमापाचा आहे. म्हणजे ज्या गोष्टी फूटपट्टी लावून मोजता येत नाहीत (बुद्धिमत्ता, विश्वास, लोकशाही), त्या मोजायच्या कशा आणि मोजल्यावर आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. राजकारण हा माझा मूळ विषय नाही, पण गेली काही वर्षं लोकशाहीच्या घसरणीवरचं संशोधन रोज वाचते आहे. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं एक सूत्र आज सांगते, आणि ते आपल्या गावाला लावून बघू.

आधी अंबरनाथमध्ये काय झालं ते

आपल्या नगरपरिषदेची आधीची निवडणूक झाली होती एप्रिल २०१५ मध्ये. त्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली. कोविड आला, निवडणूक पुढे गेली. मग ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रभागरचना कुणी करायची यावरून कायदे बदलले, 'जैसे थे'चा आदेश आला. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं राज्यातल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या असं सांगितलं, त्यालाही मुदतवाढ मिळाली, आणि अंबरनाथमध्ये मतदान झालं २० डिसेंबर २०२५ ला. मधली पाच वर्षांहून जास्त काळ नगरपरिषद प्रशासक चालवत होते. २०११च्या जनगणनेत अडीच लाख लोकवस्ती असलेलं शहर, आणि त्यात निवडून आलेला एकही नगरसेवक नाही.

निकाल लागला. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता, तिथे भाजपच्या तेजश्री करंजुले पाटील जिंकल्या. नगरसेवकांच्या ५९ जागांमध्ये मात्र शिंदेंची शिवसेना सगळ्यात मोठी: २७. भाजप १४, काँग्रेस १२, अजित पवारांची राष्ट्रवादी ४, अपक्ष २. म्हणजे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सर्वांत मोठा गट दुसऱ्याचा. राज्यात हे दोघे मित्रपक्ष आहेत हे सांगायला नको.

मग भाजप, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी मिळून 'अंबरनाथ विकास आघाडी' केली. शिवसेनेला बाहेर ठेवायला भाजप-काँग्रेस एकत्र! देशभर बातमी झाली. मुख्यमंत्री फडणवीसांनी अशी युती चालणार नाही असं सांगितलं. काँग्रेसनं आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केलं. ते बाराच्या बारा भाजपमध्ये गेले. त्यानंतर राष्ट्रवादीचे चार जण बाजू बदलून शिवसेनेसोबत गेले.

हे सगळं निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत. मावशीनं मत दिलं तेव्हा तिच्या मतपत्रिकेवर 'अंबरनाथ विकास आघाडी' असं काही नव्हतं.

आता यावर 'सगळे सारखेच' असं म्हणून चहा पिऊन मोकळं होता येतं. पण संशोधक एक पाऊल पुढे जाऊन विचारतात, की हे घडताना अडवणारं कुणी का नव्हतं?

लोकशाही घसरते म्हणजे नक्की काय होतं

पूर्वी लोकशाही मरायची ती रणगाड्यानं. रेडिओ केंद्रावर लष्कर, अध्यक्ष तुरुंगात. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ नॅन्सी बर्मेओ यांनी २०१६ मध्ये एक लेख लिहिला, तो या क्षेत्रात सगळे वाचतात. त्यांचं म्हणणं असं, की शीतयुद्धानंतर असे उघड उठाव कमी झाले. आता निवडून आलेलेच लोक, कायद्यानंच, थोडं थोडं करत लगाम सैल करतात. आज नियम बदल, उद्या एखादी नेमणूक, परवा निवडणूक पुढे ढकल. प्रत्येक पायरीला कारण असतं, आणि ते कारण बऱ्याचदा पटण्यासारखंही असतं.

याचं मोजमाप कसं करतात? सगळ्यात मोठा प्रकल्प स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात आहे, नाव व्ही-डेम. जगभरातले हजारो तज्ज्ञ आपापल्या देशाबद्दल शेकडो प्रश्नांची उत्तरं देतात: न्यायालयाचा आदेश सरकार पाळतं का, पत्रकार स्वतःच स्वतःला आवरतात का, वगैरे. एका प्रश्नाला साधारण पाच तरी तज्ज्ञ हवेत. आता अडचण लगेच लक्षात येईल. बोर्डाचे पेपर तपासणारे आठवा. एक मास्तर कडक, एक सढळ हाताचे. एकाचे ६० म्हणजे दुसऱ्याचे ७५. मग व्ही-डेमवाले तज्ज्ञांना काही काल्पनिक देशांची वर्णनंही देतात आणि त्यांना गुण द्यायला सांगतात. सगळ्यांनी तोच पेपर तपासला, की कोण कडक आणि कोण सढळ ते कळतं आणि गणितानं तेवढा फरक काढून टाकता येतो. माझं रोजचं काम याच प्रकारच्या गणिताचं आहे.

व्ही-डेमनं २०२१च्या अहवालात भारताला 'निवडणुका होणाऱ्या एकाधिकारशाही'च्या गटात टाकलं. सरकारनं ते फेटाळलं. मी इथे त्या भांडणात पडत नाही, पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. संशोधकांमध्येही यावर मतभेद आहेत. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग या दोघांनी दाखवलं, की तज्ज्ञांची मतं बाजूला ठेवून फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी बघितल्या (उदाहरणार्थ, सत्ताधारी किती वेळा हरतात), तर जगभरातली घसरण तेवढी मोठी दिसत नाही. त्यावर उत्तरंही आली. वाद चालू आहे.

पण अंबरनाथपुरतं बघायला तज्ज्ञाची गरज नाही. संविधानाच्या कलम २४३-यूमध्ये स्पष्ट आहे: नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक व्हायला हवी. २०२० ते २०२५. इथे पंचांग पुरतं.

मग मतदार शिक्षा का करत नाहीत?

साधा प्रश्न. एखादा नेता लोकशाहीचे नियम मोडत असेल, तर लोक पुढच्या वेळी त्याला पाडतील ना?

मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी अमेरिकेत हे प्रयोग करून तपासलं. त्यांचा लेख २०२० मध्ये आला. लोकांना दोन काल्पनिक उमेदवार दाखवायचे: पक्ष, धोरणं, वय, व्यवसाय अशी माहिती द्यायची. काही उमेदवारांच्या माहितीत हळूच एक ओळ घालायची, की हा न्यायालयाचा निकाल मानायचा नाही म्हणतो, किंवा विरोधी पक्षाची मतदान केंद्रं कमी करा म्हणतो. मग विचारायचं, मत कुणाला?

निष्कर्ष असा, की आपल्या पसंतीचा पक्ष सोडून लोकशाहीसाठी मत फिरवणारे लोक फार थोडे. त्यांच्या अंदाजानं प्रत्यक्ष निवडणुकीसारख्या परिस्थितीत सुमारे साडेतीन टक्के. बाकीचे लोक लोकशाहीविरोधी आहेत असा याचा अर्थ नाही. 'लोकशाही हवी का' विचारलं तर सगळे हो म्हणतात. पण समोरचा पक्ष नकोच असेल, तर आपल्याकडच्या माणसाची चूक पोटात घातली जाते.

हा प्रयोग अमेरिकेतला आहे, तिथे दोनच मोठे पक्ष आहेत. तो जसाच्या तसा ठाणे जिल्ह्याला लावू नका. पण मुद्दा आपल्यालाही ओळखीचा आहे. नळाला पाणी, गटार, जात, ओळख, राग, कृतज्ञता असं सगळं एका बटणात कोंबायचं असतं. (या वेळी बटणं जास्त होती, नगराध्यक्षाचं वेगळं आणि प्रभागातल्या नगरसेवकांची वेगळी. तरी कोंबाकोंब तीच.) त्या एका बटणावर 'लोकशाहीचे नियम'ही राखायची जबाबदारी टाकणं जरा जास्तच होतं.

म्हणजे मतदाराच्या आधी कुणीतरी राखण करायला हवी.

राखणदार कोण?

स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि डॅनियल झिब्लाट यांनी २०१८च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात उत्तर दिलं: पक्ष. उमेदवारी कुणाला द्यायची, कुणाशी हातमिळवणी करायची आणि कुणाशी नाही, हे पक्ष ठरवतो. म्हणजे दारावर तोच उभा असतो. त्यांचं एक उदाहरण बेल्जियमचं आहे. १९३७ मध्ये ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत फॅसिस्ट विचारांच्या नेत्यासमोर तिथल्या मोठ्या पक्षांनी आपापसातलं वैर बाजूला ठेवून एकच उमेदवार दिला आणि त्याला हरवलं.

ऐकायला छान वाटतं. पण इथे एक गुंता आहे आणि तो मला बरेच महिने सुटला नव्हता. राखणदारी म्हणजे पक्षातल्या मोठ्यांनी बंद खोलीत ठरवणं. आणि आपण तर म्हणतो, पक्षात अंतर्गत लोकशाही हवी, कार्यकर्त्यांनी ठरवावं! मग नक्की काय हवं? याच दोन लेखकांच्या मते अमेरिकेत १९७२ पासून उमेदवार निवडीचा अधिकार मोठ्या प्रमाणावर सामान्य मतदारांकडे गेला आणि त्यामुळेच दारावरचा पहारा ढिला झाला. म्हणजे लोकशाही वाढवली आणि लोकशाहीचाच धोका वाढला?

हा गुंता मला सुटला तो २०२४ मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे. एरिका फ्रान्ट्झ, अँड्रिया केंडल-टेलर आणि जो राईट. त्यांनी शीतयुद्धानंतरच्या जगभरातल्या निवडून आलेल्या नेत्यांचा अभ्यास केला आणि प्रत्येकाच्या पक्षाला विचारलं: हा पक्ष नेत्याच्या आधी होता का? पक्षातल्या बाकीच्यांची स्वतःची काही ताकद आहे का, की सगळ्यांची राजकीय पुंजी त्या एका माणसाकडून आलेली? त्यांचा निष्कर्ष असा, की पक्ष जितका एका माणसाचा, तितकी तो माणूस सत्तेत आल्यावर लोकशाही पोखरण्याची शक्यता जास्त. कारण नेता हद्द ओलांडत असताना आडवं येण्यात पक्षातल्या कुणाचा फायदा नसतो, आणि कुणी आलंच तरी त्याच्या शब्दाला वजन नसतं.

म्हणजे खरा प्रश्न बंद खोली की खुलं मैदान हा नाहीच. पक्षात नेत्याला 'नाही' म्हणू शकणारं, आणि म्हटल्यावरही टिकणारं कुणी आहे का, हा प्रश्न आहे. निवडून आलेली समिती असो, जुने जाणते असोत, जिल्ह्यात स्वतःच्या बळावर उभा असलेला कार्यकर्ता असो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. एल साल्वादोरमध्ये नायब बुकेले यांनी स्वतःचा पक्ष काढला. २०२१ मध्ये त्या पक्षाला संसदेत प्रचंड बहुमत मिळालं, आणि नव्या संसदेनं पहिल्याच दिवशी घटनापीठाचे न्यायाधीश काढून टाकले. बहुमताच्या बाकांवरून 'थांबा' म्हणणारं कुणी नव्हतं. आता दक्षिण कोरिया. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा जाहीर केला. त्याच रात्री १९० खासदार संसदेत पोहोचले आणि तो रद्द करण्याच्या बाजूनं १९० मतं पडली. त्यात १८ जण अध्यक्षांच्याच पक्षाचे होते. पुढे महाभियोगाला २०० मतं हवी होती आणि विरोधकांकडे होती १९२. मतं पडली २०४. ती वरची मतं कुठून आली हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ मध्ये. वीस वर्षं! आणीबाणी आली ती या वीस वर्षांत, १९७५ मध्ये. पक्ष एका व्यक्तीभोवती फिरत होता. त्यातही काही जण होते. पुण्याचे मोहन धारिया केंद्रात मंत्री होते. जयप्रकाशांशी चर्चा करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. पुढे त्यांनी आणीबाणीला विरोध केला. 'नाही' म्हणणारा माणूस होता. त्याचं 'नाही' मोजणारी व्यवस्था पक्षात उरली नव्हती.

पक्ष नक्की कुणाचा?

आता २०२२ कडे येऊ, कारण महाराष्ट्रानं या संशोधनाला एक अख्खा धडा दिला आहे.

शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये. पक्ष आणि धनुष्यबाण कुणाचा, हा प्रश्न निवडणूक आयोगाकडे गेला. असा वाद सोडवायला आयोगाकडे १९७१च्या सादिक अली खटल्यापासून तीन कसोट्या आहेत. एक, पक्षाच्या ध्येयाशी कोण प्रामाणिक आहे. दोन, पक्षाची घटना काय म्हणते. तीन, बहुमत कुणाकडे: संघटनेत आणि विधिमंडळात.

१७ फेब्रुवारी २०२३ चा आयोगाचा निर्णय बातम्यांमध्ये 'चिन्ह शिंदेंना' एवढाच आला. त्याच्या आतला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पक्षाच्या २०१८ मधल्या घटनेत पदाधिकारी निवडून येण्यापेक्षा वरून नेमले जाण्यावर भर होता, आणि ते आयोगाला लोकशाहीला धरून वाटलं नाही. पदाधिकारीच जर नेमलेले असतील, तर संघटनेत बहुमत कुणाकडे हे मोजायचं कसं? नेमणाऱ्याकडेच असणार! म्हणून ती कसोटी बाजूला पडली आणि उरला एकच आकडा: ५५ पैकी ४० आमदार शिंदेंकडे.

जरा थांबा इथे. मोजमापवाली म्हणून मला हे वाचताना धक्काच बसला होता. शाखाप्रमुख, गटप्रमुख, रात्री बॅनर लावणारे, मतदार याद्या घेऊन घरोघर फिरणारे असे लाखो लोक. पक्ष कुणाचा हे ठरवायच्या वेळी त्यांच्या मताचं मोजमाप करायला साधनच नव्हतं. ते साधन पक्षानं कधी बनवलंच नव्हतं. त्यामुळे पक्ष मोजला गेला तो आमदारांच्या डोक्यांवर.

तुम्ही या वादात कुणाच्याही बाजूचे असा. ठाकरेंचे असाल तर म्हणाल आमचा पक्ष पळवला, शिंदेंचे असाल तर म्हणाल आम्हीच खरे. दोन्ही बाजूंना धडा एकच आहे. 'पक्षातल्या निवडणुका हा आमचा अंतर्गत मामला' हे वाक्य चूक आहे. एक दिवस तो मामला चव्हाट्यावर येतो आणि तेव्हा दाखवायला कागद लागतो.

आणि हे एकाच पक्षाचं नाही. पुढच्याच वर्षी राष्ट्रवादी फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगानं तिथेही विधिमंडळातल्या बहुमतावर निकाल दिला.

चुकीच्या दाराला कुलूप

"मग पक्षांतरबंदी कायदा कशाला आहे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

गंमत बघा. आपल्या मूळ संविधानात राजकीय पक्षांची दखलच नव्हती. ती आली १९८५ मध्ये, ५२व्या घटनादुरुस्तीनं, दहाव्या अनुसूचीत. म्हणजे संविधानात पक्ष पहिल्यांदा आला तो शिस्त लावणारा मालक म्हणून. व्हिप मोडला, पद गेलं. नगरसेवकांसाठी महाराष्ट्रात १९८६चा वेगळा कायदा आहे, तर्क साधारण तोच, आणि नगरपरिषदेतला वाद जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे.

यातून दोन गोष्टी झाल्या. एकट्यानं 'नाही' म्हणणं महाग झालं. एखाद्या आमदाराला एखाद्या विधेयकाविरुद्ध मत द्यायचं असेल, तर त्याची आमदारकी धोक्यात. पण घाऊक जाणं तेवढं महाग राहिलं नाही. आधी एक-तृतीयांश फुटले तर चालायचं. २००३च्या ९१व्या दुरुस्तीनं ती सोय काढली. राहिली विलीनीकरणाची वाट, त्याला दोन-तृतीयांश हवेत. शेजारच्या गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एकत्र भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन निष्ठेची शपथ दिली. निकालानंतर काही महिन्यांतच ११ पैकी ८ जण गेले. दोन-तृतीयांशाचा हिशोब बरोबर जुळला.

थोडक्यात, कायदा सद्सद्विवेकानं एकटं उभं राहणाऱ्याला पकडतो आणि झुंडीनं जाणाऱ्याला वाट देतो. दक्षिण कोरियातल्या त्या १८ जणांचा प्रसंग आपल्या नियमांत बसवून बघा. पक्षाचा व्हिप विरोधात असता, तर त्यांच्यावर अपात्रतेची टांगती तलवार असती.

पुन्हा अंबरनाथ

आता हे सूत्र गावाला लावू. इथे मला वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही.

अंबरनाथच्या स्थानिक नेत्यांनी वरच्यांना न विचारता, किंवा न जुमानता, आघाडी केली. वरून दम आला. मग ही स्थानिक मंडळी म्हणजे 'नाही' म्हणणारे शूर लोक झाले का? अंतर्गत लोकशाही ती हीच का?

मला नाही वाटत. कारण ते 'नाही' कुणाच्या वतीनं होतं? काँग्रेसच्या शहरातल्या सदस्यांची सभा होऊन, भाजपसोबत जायचं का यावर मतदान झालं, असं काही आपल्यासमोर आलेलं नाही. आणि वरून आलेली निलंबनाची कारवाईही पक्षाच्या सदस्यांनी ठरवलेली नव्हती. दोन्ही निर्णय मूठभर लोकांचे, एक स्थानिक आणि एक वरचा. मधली जागा, जिथे शाखा, वॉर्ड समिती, सदस्य असायला हवेत, ती रिकामी. त्या रिकाम्या जागेतून बारा जण सहज चालत गेले.

आणि प्रशासकाची पाच वर्षं? तिथे तर ही रिकामी जागा अजून स्पष्ट दिसते. त्या काळात राज्यात आधी महाविकास आघाडीचं सरकार होतं, जून २०२२ नंतर महायुतीचं. म्हणजे राज्यातले जवळपास सगळे मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते. नगराध्यक्षाचाच नियम बघा: २०१६ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये परत आणली. सत्ता बदलली की नियम बदलला. पण 'काहीही करा, आधी निवडणूक घ्या' म्हणून एखाद्या मोठ्या पक्षानं राज्य बंद पाडल्याचं मला तरी आठवत नाही. कारण नगरसेवकाच्या तिकिटाची वाट बघणारा कार्यकर्ता पक्षाला 'आता बास' म्हणू शकत नव्हता. तिकीट देणारा जो, त्यालाच 'नाही' कसं म्हणणार?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की लोकशाहीची घसरण दिल्लीत किंवा मंत्रालयात दिसायच्या आधी पक्षाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर दिसते. तिथे विचारणारं कुणी उरत नाही, मग वर कुठून येणार?

करता येण्यासारखं काही आहे का?

कायद्यानं थोडं करता येतं. जर्मनीच्या घटनेच्या कलम २१ मध्ये लिहिलं आहे, की पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, आणि १९६७ पासून तिथे पक्षांसाठी वेगळा कायदा आहे. हिटलरचा अनुभव गाठीशी असलेल्या देशानं ते लिहिलं हे विसरू नका. आपल्या विधी आयोगानंही १९९९च्या १७०व्या अहवालात अशीच शिफारस केली होती. ती अजून शिफारसच आहे. आयोग पक्षाची नोंदणी करतो, पण पक्षानं अंतर्गत निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून ती रद्द करू शकत नाही. २००२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आयोगाचा तो अधिकार अगदी मोजक्या प्रसंगांपुरता ठेवला आहे.

शिवाय नुसती निवडणूक घेऊनही भागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये अध्यक्षपदासाठी खर्गे विरुद्ध थरूर अशी खरोखरची लढत झाली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे अंबरनाथच्या वॉर्ड समितीत जीव आला का? वरच्या मजल्यावर रंग दिला म्हणून तळमजल्याची ओल जात नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलं होतं, की संविधान संस्था उभ्या करून देतं, पण त्या कशा चालतील हे लोकांवर आणि लोक जे राजकीय पक्ष उभे करतील त्यांच्यावर अवलंबून आहे. त्या भाषणातला राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशारा सगळ्यांना पाठ असतो. पक्षांबद्दलचं हे वाक्य मात्र फारसं कुणी सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचली, की वरचं सगळं संशोधन त्यात दिसतं.

मावशीला मी काय सांगितलं? तिला म्हटलं, "तुझं मत त्या नगरसेवकाकडेच आहे, कायद्यानं. तू दिलंस पक्षाला, पण पक्षात ते सांभाळणारं कुणी नव्हतं."

ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी काय करू? घरी बसू?"

घरी बसू नकोस. पुढच्या वेळी पत्रक घेऊन जो कुणी दारात येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला तीन प्रश्न विचार. तुमचा उमेदवार कुणी ठरवला, किती जणांनी बसून? तुमच्या इथल्या शाखेत शेवटची निवडणूक कधी झाली? आणि निकालानंतर कुणाबरोबर जायचं हे कोण ठरवणार, आम्हाला विचारणार का?

पहिल्या वर्षी तो हसेल. पण प्रत्येक दारात तेच विचारलं गेलं, तर वर जाऊन सांगावं लागेल, "साहेब, लोक विचारतायत." साहेबांना उलट काहीतरी ऐकवण्याची सुरुवात तेवढ्यानंही होऊ शकते.

मावशीनं तिसरा प्रश्न पाठ करून घेतला आहे. पहिले दोन जरा लांबलचक आहेत म्हणाली.